माळकऱ्याचे मूल आणि मिशनची शाळा

हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत, दिंडीच्या मुक्कामावर, फडावर कीर्तन आटोपल्यानंतरच्या गप्पांत एक प्रश्न हल्ली वारंवार निघतो. विचारणारा बहुधा रागावलेला असतो, आणि ज्याला विचारतात तो मान खाली घालून बसतो. “गळ्यात तुळशीची माळ, घरी तीन पिढ्यांची वारी, आणि पोरगं घातलंय कुठं, तर मिशनच्या शाळेत! हा कसला वारकरी?” असा तो प्रश्न. मान खाली घालणाऱ्यालाही उत्तर सुचत नाही. “पोराचं भलं व्हावं म्हणून घातलं, महाराज,” एवढेच तो पुटपुटतो.

आम्हांस वाटते की या प्रश्नाला रागाने विचारून आणि लाजेने टाळून चालावयाचे नाही. मूल कोठे शिकवावे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे, तो धर्माचा प्रश्न आहे. कारण आपण मूल ज्याच्या हाती देतो, त्याच्यावर आपला विश्वास आहे असे आपण कृतीने सांगत असतो. म्हणून प्रवचनाच्या रीतीने आधी पूर्वपक्ष नीट ऐकावा, शंका मांडाव्या, आणि मग काय ते ठरवावे असे योजिले आहे.

आरंभी शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा खरा अर्थ ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. त्या मठातल्या भगिनी, ज्यांना मुले ‘सिस्टर’ म्हणतात, त्या लग्न करीत नाहीत, स्वतःची म्हणून मालमत्ता ठेवीत नाहीत आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहतात. ही त्यांची तीन व्रते. त्यांनी चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. आता मात्र कोणत्याही इंग्रजी शाळेला लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले आहेत. विदर्भात तर लहानग्यांच्या बालवर्गालाही कॉन्व्हेंटच म्हणतात. कित्येक शाळांच्या पाटीवर एखाद्या ख्रिस्ती संताचे नाव झळकते, पण आत ना फादर, ना सिस्टर; मालक आपल्यातलाच एखादा व्यापारी गृहस्थ. संताचे नाव लावले की पालक येतात, हे त्याने ओळखले आहे. तेव्हा मूल मिशनच्या शाळेत आहे असे म्हणणाऱ्याने ते खरोखर मिशनच्या शाळेत आहे की नुसत्या पाटीखाली बसले आहे, हे एकदा पाहून घ्यावे. आम्ही येथे बोलतो ते खऱ्या ख्रिस्ती शाळांविषयी.

आता आईबाप तेथे मूल का घालतात? त्यांना ख्रिस्ती धर्म आवडला म्हणून नव्हे. त्यांची कारणे साधी आहेत. तेथे शाळा वेळेवर भरते आणि शिक्षक वर्गात असतो. वह्या तपासल्या जातात. मुलगी घरापासून दूर वसतिगृहात ठेवावयाची झाली तर सिस्टरांच्या देखरेखीत तिला ठेवताना आईच्या जिवाला घोर कमी लागतो. इंग्रजी येते, आणि इंग्रजी आले की पुढची पुष्कळ दारे उघडतात. जुन्या अनुदानित मिशन शाळांत फीही आवाक्यातली असते. ही सगळी कारणे सरळ आहेत आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. पण एक पाचवे कारण असते, ते कोणी बोलून दाखवीत नाही. ते म्हणजे प्रतिष्ठा. शेजाऱ्याचे पोर टाय लावून बसमधून जाते, मग आपले का नको? या पाचव्या कारणाकडे आम्ही पुढे वळू.

हे आजचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा आपल्या घरांतून मुलींनी अक्षर गिरवणे हे पाप मानले जात होते. जोतीराव फुले यांचे शिक्षण मध्येच थांबले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. फुलांचा धंदा करणाऱ्या एका बापाने मिशनची शाळा निवडली ती अशी. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्या शाळेतून बाहेर पडलेल्या या माणसाने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंना शिक्षिका केले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला तो महार आहे म्हणून प्रवेश नाकारला गेला, ही गोष्टही त्याच काळातली. ज्यांना आपल्या शाळांचे दार बंद होते, त्यांच्यासाठी मिशनचे दार उघडे होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर. आणि त्यांच्या लेकरांना पंढरीच्या राउळात जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. देवळाच्या दाराची जी कथा, तीच शाळेच्या दाराची. म्हणून “मिशनच्या शाळेत का गेलात?” असे विचारण्याआधी “आम्ही दार उघडले होते का?” हे विचारावयास हवे.

आता शंका घेऊ.

पहिली शंका अशी की मूल बाटेल. ही भीती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलात साष्टीची देवळे पाडली गेली, १५६० साली तेथे इन्क्विझिशन बसले, आणि ज्यांना आपला देव सोडवेना ते देव डोक्यावर घेऊन खाडीपार गेले. पुढे इंग्रजी अमलात तलवार नव्हती, पण शाळेतून मुले ख्रिस्ती होण्याचे प्रसंग घडले. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा स्कॉटिश मिशनच्या शाळेतला ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. येथवर गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची कोणी सांगत नाही. मुलगा घरी आला, पण जातीत घेणार कोण? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून खटपट केली, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांच्यावरच काहूर उठवले.

सज्जनहो, ही कथा वाचताना आळंदीची आठवण होत नाही काय? संन्याशाची पोरे म्हणून चार भावंडांना वाळीत टाकणारे लोकही शास्त्र जाणणारेच होते. त्या चौघांतल्या एकाने पुढे ज्ञानेश्वरी सांगितली. ज्यांनी दार लावले त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की मूल हरवण्याची भीती दोन प्रकारची असते. एक, कोणी नेईल ही. आणि दुसरी, गेलेले परत आले तर आपण घेऊ का ही. पहिल्या भीतीचा आपण पुकारा करतो आणि दुसरीविषयी गप्प राहतो.

आज कायदाही स्पष्ट आहे. आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की सरकारने मान्य केलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्यावर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आणि तिसावे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. दोन्ही कलमे एकाच ग्रंथात आहेत. एक सांगून दुसरे लपवणे हे खरे बोलणे नव्हे.

दुसरी शंका याहून बारीक आहे, आणि ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. “मूल बाटणार नाही, कबूल. पण सकाळच्या प्रार्थनेला ते हात जोडून उभे राहते. ज्या हातांनी घरी विठोबाला नमस्कार केला, ते हात दुसऱ्याच्या देवापुढे जोडणे हा अनन्यभक्तीला बट्टा नाही का?” असे एक वृद्ध माळकरी विचारतात.

याला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक उत्तर, “देव सगळे एकच, त्यात काय एवढं!” असे. हे बोलणे उदार वाटते, पण पुष्कळदा त्यामागे उदारपणा नसून बेफिकिरी असते. ज्याला स्वतःच्या देवाचे काही पडले नाही, त्याला सगळे देव सारखे वाटतात. शिवाय ख्रिस्ती माणूस आपल्या देवाविषयी तसे मानीत नाही. त्याची त्याच्या प्रभूवर निष्ठा आहे. त्याच्या प्रार्थनेला ‘तेच ते’ म्हणणे हा त्याचा मान नव्हे. दुसरे उत्तर, “तिकडे बघूसुद्धा नको,” असे. हे निष्ठेसारखे दिसते, पण त्यात भीती फार आणि भक्ती थोडी.

आपल्या संप्रदायात या प्रश्नाची गोष्ट आधीच सांगून ठेवलेली आहे. नरहरी सोनार पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड पाहत नसत, इतके कडवे शिवभक्त. एका सावकाराने देवासाठी कमरेचा सोन्याचा दागिना करावयास दिला. माप काही केल्या बसेना; शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यावयास राउळात गेले. हाताला लागल्या जटा आणि सर्प, तर पट्टी काढताच समोर विटेवरचा सावळा. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. महिपतीबोवांनी भक्तविजयात ही कथा सांगितली आहे. यातले मर्म असे की नरहरींनी आपली शिवनिष्ठा सोडली नाही, फक्त डोळ्यांची पट्टी सोडली. निष्ठा आणि पट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण पुष्कळदा पट्टीलाच निष्ठा समजतो.

तेव्हा त्या वृद्ध माळकऱ्यांना आमचे सांगणे असे. मुलाला सांगा की दुसरा देवाचे नाव घेत असताना आपण शांत उभे राहावे, हसू नये, कुजबुजू नये. ही सभ्यता आहे आणि ती आपल्याच संतांनी शिकवलेली आहे. जे शब्द मनात नाहीत ते ओठांवर आणावयाची गरज नाही. मनात रामकृष्णहरी म्हणावे, आणि कोणी विचारले तर लपवू नये. ज्या शाळेला एवढे खरेपण चालत नसेल, ती शाळा कितीही नावाजलेली असो, आपल्या मुलासाठी नव्हे. पण विचारून पाहिल्याशिवाय चालणार नाही असे मानू नका. माळेचेही असेच. गणवेशात दागिना चालत नाही असा नियम असेल तर बापाने स्वतः मुख्याध्यापकांकडे जावे आणि नम्रपणे सांगावे की हा दागिना नव्हे, हे व्रत आहे. ज्यांनी स्वतः जन्मभराची व्रते घेतली आहेत, त्यांना व्रत हा शब्द समजावयास कठीण जाऊ नये.

तिसरी शंका भाषेची. “पोरगं इंग्रजीत फाडफाड बोलतं, पण हरिपाठ वाचता येत नाही. आजीला म्हणतं, तुझं बोलणं गावंढळ!” ही तक्रार घरोघर ऐकू येते, आणि ती खरी आहे. पण दोष कोणाचा? फादर स्टीफन्स नावाचा एक इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. त्याने येथली भाषा शिकून ओवीछंदात दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे; तरी मराठीचा गोडवा त्याने मनापासून गायिला. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. महिपतीबोवांचा भक्तविजय परदेशी वाचकांच्या हाती गेला तो त्याच्या आणि त्याच्या मराठी सहकाऱ्याच्या कष्टांनी. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाल्यावरही अभंगच लिहीत राहिले. परधर्माच्या माणसांना जी ओवी शिकाविशी वाटली, जो अभंग सोडवेना, तो आपल्या पोराला अवघड वाटतो, याला मिशनची शाळा कशी जबाबदार? महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक झाले आहे. शाळेत एक तास मराठी होईल. पण हरिपाठ शाळेत होणार नाही, तो घरीच व्हावयाचा. संध्याकाळी ज्या घरात टाळ वाजण्याऐवजी टीव्ही आणि मोबाईल वाजतो, त्या घराने शाळेकडे बोट दाखवू नये.

आता ते पाचवे कारण. प्रतिष्ठेसाठी मूल घातले की काय होते ते पाहा. बाप पोराला म्हणतो, “शाळेत आजोबांना घेऊन येऊ नको, धोतर बघून पोरं हसतील.” पालकसभेला जाताना तो कपाळीचा बुक्का पुसून जातो. मूल हे पाहते. त्याला कोणी ख्रिस्ताविषयी काही शिकवो न शिकवो, पण एक धडा त्याने पक्का घेतलेला असतो, तो म्हणजे आपले जे काही आहे ते लपवण्यासारखे आहे. हा धडा सिस्टरने दिला नाही. बापाने दिला. आमच्या मते मुलाचे खरे धर्मांतर या क्षणी होते. ते कोणत्या चर्चच्या वहीत नोंदले जात नाही, त्याला प्रायश्चित्त नाही, आणि ते होताना कोणी ओरडतही नाही. दुसऱ्याच्या देवाला नमस्कार करून आलेले मूल घरी परत येऊ शकते. आजोबांची लाज वाटू लागलेले मूल कोणत्या वाटेने परत येणार?

याच्या उलट बाजूचाही एक दोष आहे. काही मंडळी मूल त्या शाळेत घालतात, निकाल लागला की पेढे वाटतात, आणि सभेत उभे राहून त्याच शिक्षकांना ‘बाटवे’ म्हणून शिव्या देतात. ही कृतघ्नता आहे. ज्याच्या हातून विद्या घेतली त्याची निंदा करणे आपल्या कोणत्याच शास्त्रात बसत नाही. तुमचा त्यांच्यावर विश्वास नसेल तर मूल काढून घ्या. विश्वास असेल तर तसे बोला. दोष दिसला, मुलाला मारहाण झाली, मराठी बोलल्याबद्दल दंड झाला, अवाच्या सवा फी मागितली, तर शाळेत जाऊन तोंडावर सांगा. पाठीमागे निंदा आणि समोर वाकून नमस्कार, हे माळकऱ्याला शोभत नाही.

मग आपण काय करावे? आम्हांला वाटते, ज्या गुणांसाठी लोक तिकडे जातात, ते गुण ख्रिस्ती धर्माच्या मालकीचे नाहीत. ते सेवेचे गुण आहेत. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कोणत्या भांडवलावर? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंक्तीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावोगाव सांगत फिरले की भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा. स्वतः अक्षरशत्रू राहून त्यांनी शाळांना आणि वसतिगृहांना मदत मिळवून दिली. हे सगळे आपलेच. तेव्हा आपल्या गावची शाळा ओस पडत असेल, तिच्यात शिक्षक येत नसेल, मुलींसाठी संडास नसेल, तर सप्ताहाच्या वर्गणीतला काही भाग तिकडे वळवण्याचा विचार गावाने करावा. सप्ताहात मांडवाला, ध्वनिक्षेपकाला जेवढा खर्च होतो, त्यातून एका शाळेचे छप्पर होते. आणि संप्रदायातल्या शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या पोरांना इंग्रजी आणि गणित शिकवावे. तेही कीर्तनच आहे.

तोवर ज्यांची मुले मिशनच्या शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पालख्यांचे प्रस्थान ज्येष्ठ वद्यात आणि शाळा उघडतात जूनच्या मध्याला, त्यामुळे आषाढीची पायी वारी मुलांना बहुधा घडत नाही. त्यासाठी शाळा बुडवण्याचा हट्ट नको. पालखी जवळून जात असेल तर एका रविवारी एक टप्पा चालवा. कार्तिकी एकादशीला दिवाळीची सुट्टी पुष्कळदा हाताशी असते, तेव्हा पंढरीस न्या. घरी रोज दिवेलागणीला हरिपाठ होऊ द्या, मुलाला अर्थ विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर कोणा जाणत्याकडे त्याला घेऊन जा. एकादशीचा उपास त्याच्यावर लादू नका, आपण करा. ते बघून करील. डब्यात काय न्यावे आणि दुसऱ्याच्या डब्यातले काय खावे हे माळ घालतानाच समजावून सांगा, म्हणजे शाळेत त्याला कोणाची भीती वाटणार नाही. नाताळला त्याच्या बाईंना फुले द्यावयास लावा, आणि आषाढीला त्यांना पंढरीचा प्रसाद पाठवा. प्रसाद घेऊन जाताना त्याने काय बोलावे हे त्याला आधी शिकवून ठेवा; त्या चार वाक्यांत त्याचा धर्म त्याला स्वतःला कळेल.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संतमालिकेत मानतो. त्यांच्या गळ्यात कोणत्या घरची परंपरा होती हे विचारून आपण त्यांना नमस्कार करीत नाही. आज कोणी रागाने विचारील, “माळकऱ्याचं पोर मिशनच्या शाळेत कसं?” तर त्या बापाने मान खाली घालू नये. त्याने म्हणावे, “शाळेत तो गणित आणि इंग्रजी शिकतो. विठोबा आम्ही घरी शिकवतो. संध्याकाळी या, हरिपाठाला बसा, आणि पोराचं पाठांतर ऐकून जा.” असे ज्याला छातीवर हात ठेवून म्हणता येते, त्याने मूल खुशाल कोणत्याही चांगल्या शाळेत घालावे. ज्याला म्हणता येत नाही, त्याने मूल मठात ठेवले तरी चिंता तीच राहणार आहे. आपला हरिपाठ आज कोणत्या वेळी होतो, आणि त्या वेळी मूल कोठे असते, एवढे प्रत्येक वाचकाने आजच्या दिवेलागणीला आपल्या घरी पाहावे, ही विनंती.

रामकृष्णहरी.